न विचारता दिलेली नात

वन्सं, तुम्ही मला न विचारता नात दिलीत. बरं, दिलीत ती दिलीत, माझं तोंड कसं झालं ते बघायला तरी थांबायचं. तेवढाही दम धरला नाहीत.

सुहासचा फोन आला, "मामी, आई गेली." मी म्हटलं, "कुठं?" तुमच्या लेकाला वाटलं, मामीच्या डोक्यावर परिणाम झाला. पण माझ्या कानाला वळणच तसं. तुम्ही कधी घरात सापडायच्या? भाजी आणते म्हणून निघालेली बाई कॉलेजच्या फाटकापाशी कुणाच्या तरी पोरीची विचारपूस करत उभी. त्यामुळं 'गेली' म्हणजे 'येईल घटकाभरात', असंच मला वाटत आलं. ते वळण अजून मोडलेलं नाही. काल तेरावा झाला, पंगती उठल्या, मंडपवाल्याची भांडी परत गेली, तरी दारात चपला वाजल्या की मी मान वर करते.

तुम्हाला नेल्यावर आम्ही बायका हॉलमध्ये सतरंजीवर बसलो होतो. येणारी प्रत्येक बाई माझ्या गळ्यात पडून रडत होती आणि मी मनात म्हणत होते, आता वन्सं असत्या तर त्यांनी हिच्या लुगड्याला नावं ठेवली असती. तेवढ्यात एक पोरगी आली. सावळी, काडीसारखी, अंगात कॉलेजचा पंजाबी ड्रेस, डोळे सुजलेले. माझ्या पाया पडायला म्हणून वाकली आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, "आजी, मी सारिका. मी तुमची नात हाय. कुणी इचारलं तर न्हाई म्हणू नगा."

माझ्या नाती कोण आणि कुठं ते मला पाठ आहे. म्हातारी झाले असले तरी तेवढं भान आहे. मी पदराआडून विचारलं, "कुठली गं नात?"

"तुमच्या भनीच्या लेकीची लेक."

"मला बहीण नाही."

"हितल्या आजी म्हणाल्या व्हत्या, वैनीला भन न्हाई हे या घरात कुणालाच ठावं न्हाई."

वन्सं, मला हसू फुटलं. तुम्हाला नेऊन दोन तास झाले नव्हते आणि मला हसू फुटलं. पाच भावांत मी एकटी. तुम्ही लग्न होऊन सांगलीत आलात तेव्हापासून तुमच्याकडं येते-जाते, पण खरंच कधी कुणी विचारलं नाही. मामीला बहीण आहे की नाही, हे कुठल्या भाच्याला ठाऊक असतं? आणि तुम्ही एका दमात मला बहीण दिलीत, तिला लेक दिलीत, लेकीचं लग्न करून तिलाही लेक दिलीत. एवढा संसार उभा केलात आणि मला जेवायलासुद्धा बोलावलं नाहीत. मी पदर तोंडात कोंबला. खांदे हलताना बघून तुमच्या थोरल्या जाऊबाई, आपल्या काकू हो, माझ्या पाठीवर हात फिरवायला लागल्या. "रडा बाई, रडा. मोकळ्या व्हा."

हसू आलं त्याला आणखी एक कारण होतं. ही युक्ती मुळात माझी.

आठवतंय ना? मी नवीन नवरी. सोळा वर्षांची, माणातल्या कोरड्या गावातून कोरेगावात आलेली. सातवी झालेली म्हणजे आपण बॅरिस्टरच, असा माझा समज. डोक्यावर पदर आणि पदराखाली नुसतं वारं. तुम्ही माझ्याहून दीड वर्षानं मोठ्या आणि अजून लग्नाच्या. फायनल पास झालेल्या, साताऱ्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला नंबर लागलेला. बोर्डिंगवाल्यांनी सांगितलं होतं, येताना आपलं ताट नि तांब्या आणायचा, वर नाव घालून. तुम्ही धीर न धरता कोरेगावच्या बाजारातून ताट आणलंत. भांडेवाल्यानं विचारलं, काय घालू? तुम्ही सांगितलंत, कु. इंदू, सातारा. अजून पाऊल उंबऱ्याबाहेर नाही आणि ताट साताऱ्याचं.

मग बोर्डिंगातल्या जागा संपल्याचं कळलं. मामंजी ओसरीवर बसून एकच गोष्ट म्हणत राहिले, "पोरगी हुशार हाय, मी कुठं न्हाई म्हणतो? पण ऱ्हायाचं कुठं?" त्यांचे पलटणीतले एक दोस्त साताऱ्यात होते. ते म्हणाले, आमच्याकडं राहू दे, आमची बायको आहे, काळजी नको. मामंजींचं त्यावर तेच. "शेजारपाजार इचारंल ही पोर कोण, तर काय सांगायचं?"

आणि दाराआडून मी बोलले. आल्यापासून त्या घरात मामंजींनी माझा आवाज ऐकला नव्हता. मी म्हटलं, "भाची म्हणून सांगायचं. कोण बघायला येतंय?"

मामंजी म्हणाले, "सूनबाईंनी पयल्यांदा तोंड उघडलं, ते खोटं बोलाया."

तिथं तुमचं ट्रेनिंग संपलं. मला वाटलं, मी फार मोठी मसलत दिली होती आणि ती या अडाणी लोकांना कळली नाही. वर दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या ताटात जेवायला बसलात तर मी म्हणते कशी, "वन्सं, तुमी साताऱ्याला गेला न्हाई, तर साताराच तुमच्या ताटात आला." केवढा विनोद केला, म्हणून मी स्वतःच हसले. तुम्ही ताट पुसलंत, भाकरी वाढून घेतलीत आणि जेवलात. ती नवरी आज मला कुठं भेटली तर मी तिचे दोन्ही कान उपटीन. पण भेटत नाही. अधूनमधून माझ्याच तोंडून बोलते, एवढंच.

मागच्या महिन्यात फोनवर बोलली ना, तीच ती.

तुम्ही तक्रार सांगत होता, "वैनी, सुहासनं वरच्या भाड्याच्या खोल्यांत आनिक कॉट घातल्या. पोरींला कुशीवर वळाया जागा न्हाई, आन दर जूनला भाडं वाढतंय. आता एक पोरगी सोडून चालली. चांगली शिकत व्हती, घरच्यांनी लगीन ठरिवलं."

मी म्हटलं, "घर त्याचं. सगळी सांगली घेते तो भाव तो घेणार. तुम्हाला फुकटची ओझी उचलायची सवय."

"सगळी सांगली घेते म्हणून उद्या मला बी कॉटवर चढवंल."

"तुमची कॉट कोण घेतंय? घोरता किती."

तुम्ही हसला नाहीत. एरवी हसला असतात. म्हणालात, "तुमास्नी एक सांगायचंय. पण समोर. फोनवर तुमी लगीच न्हाई म्हणता." मी म्हटलं, चैत्रात येते. तुम्ही म्हणालात, या. त्यापुढं आपलं काही बोलणं झालं नाही. चैत्राआधीच मी आले, आणि जे सांगायचं होतं ते तुमच्याऐवजी माझ्या कानाशी येऊन बोललं.

सुतकाचे दिवस मोठे असतात. येणारे येतात, चहा होतो, जातात. मधल्या वेळात सारिका माझ्याजवळ येऊन बसायची. तिच्याकडून तुमची चोरी तुकड्या-तुकड्यानं कळली. आटपाडीकडची पोर. आईबाप मेंढरं घेऊन दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, ते पावसाच्या तोंडाला परत. तोवर घराला कुलूप. म्हणजे लोक म्हणतात तसं 'परवडत नाही तर घरी जा' म्हटलं तर हिनं जायचं कुठं? घर चालत असतं आणि हिच्या कॉलेजपासून लांब लांब जात असतं.

सरकारी वसतिगृहाची यादी लागली तेव्हा पहिली सहामाही संपत आलेली, आणि हिचं नाव थांबलेल्यांत. शिष्यवृत्तीचं म्हणाल तर मोबाइलवर हिरव्या अक्षरात 'मंजूर' असं दिसतं. मला काढून दाखवलं तिनं. मंजूर झालं म्हणजे आलं ना? नाही. गेल्या वर्षाची या वर्षी आली, ती कॉलेजच्या फीतच गेली. या वर्षाची कधी येणार ते कॉलेजलाही ठाऊक नाही. घरमालकाला डिपॉझिट आधी लागतं, त्याला हिरवी अक्षरं चालत नाहीत. तुम्ही तिला म्हणाला होता म्हणे, "त्या मंजूरची भाजी करून घालू का तुला?" हे सांगताना ती हसली आणि तिथंच रडली.

तुमच्याकडं येण्याआधी ती मैत्रिणीच्या हॉस्टेलात चोरून राहायची. एका कॉटवर दोघी, एकीचं डोकं तिकडं, एकीचं इकडं. मला म्हणाली, "आजी, असं ऱ्हाणाऱ्या पोरींला पॅरासाइट म्हणत्यात."

"म्हंजे काय गं?"

"बांडगूळ. दुसऱ्याच्या जिवावर जगतं ते. आमच्या अभ्यासाला हाय."

वनस्पतिशास्त्र शिकते ती. एखाद्या झाडाचं नाव सांगावं तसं सांगितलं. लाज नाही, राग नाही. मला मात्र ओशाळल्यासारखं झालं. मग एकदा हॉस्टेलच्या मॅडमनी पकडलं आणि बाहेर काढलं. मैत्रिणीची जागा जाऊ नये म्हणून हिनं तिथं 'मी आजच आले होते' असं सांगितलं. त्या दिवशी ती पिशवी घेऊन कॉलेजच्या पायरीवर बसली होती. तुम्ही भाजी आणायला निघालेल्या.

तुम्ही विचारलंत, "कुणाची गं तू?" तिला काय उत्तर द्यावं कळेना. तर म्हणे तुम्हीच म्हणालात, "कुणाची न्हाईस तर आमच्या वैनीची हो. ती लांब ऱ्हाती, इचाराया कोण जातंय?"

कोण बघायला येतंय, हे माझं. विचारायला कोण जातंय, हे तुमचं. एवढ्या वर्षांत तुम्ही माझं एक वाक्य जपून ठेवलंत, आणि तेही नेमकं हे. मी आयुष्यभर केवढ्या शहाणपणाच्या गोष्टी बोलले, त्यातलं काही राहिलं नाही का हो तुमच्याजवळ?

तुमच्या खोलीत तुमच्या पलंगाच्या पायथ्याशी ती झोपायची. आईनं विणून घेतलेलं घोंगडं अंथरून. वरच्या कॉटवाल्या पोरी सुहासनं भाड्यानं ठेवलेल्या, ही तुम्ही नात्यानं. सुहासला तुम्ही सांगितलंत, मामीच्या माहेरची आहे, मला रात्रीबेरात्री सोबत होते. म्हणजे बोलणं एकदम खोटं नव्हतं.

आता दहाव्याचं सांगते. हे तुम्ही बघायला पाहिजे होतं.

पुरुष घाटावरून परत आले होते. मागच्या अंगणात चूल पेटवून पाणी तापवलेलं. सुतकातल्या बायका न्हाऊन मोकळ्या होणार म्हणून ओळीनं बसलेल्या. काकू मध्यभागी खुर्ची टाकून. कुणाला किती दिवसांचं, कुणाला तीन, कुणाला नुसती अंघोळ, हा सगळा हिशोब त्यांच्या तोंडावर. त्या ओळीच्या शेवटी सारिका. दहा दिवस केसांना तेल नाही, की पाणी नाही. केसांच्या जटा झालेल्या. दहाही दिवस जमिनीवर झोपली, फोडणीचं खाल्लं नाही. मी बघत होते, पण मला वाटलं, शोक करतेय पोर, करू दे.

काकूंचं लक्ष गेलं. "ही कोण?"

कुणीतरी म्हणालं, "मामींच्या माहेरची नात."

"मग हिला कसलं सुतक? इंदूच्या माहेरच्यांना तीन दिवसांचं. ही तर भावजयीच्या माहेरची, हिला कायबी न्हाई. दहा दिवस कुणी बसवली हिला?"

वन्सं, तिथं सगळं उघडं पडलं. खोटं पोरीनं नीट सांभाळलं होतं, दुःख सांभाळता आलं नाही. खऱ्या नात्यातली असती तर तिसऱ्या दिवशी वेणी घालून कॉलेजला गेली असती. नसलेल्या नात्याचं सुतक धरून बसली, म्हणून पकडली गेली. बायकांचे हात थांबले. सुहास नुकत्याच केलेल्या मुंडणावरून टॉवेल फिरवत दारात उभा होता. तो माझ्याकडं बघत राहिला.

सारिकाच्या हातात तांब्या होता. तो तिनं खाली ठेवला. ज्या तऱ्हेनं ठेवला त्यावरून मला कळलं की तिची पिशवी भरलेलीच असणार.

आदल्या दिवशी मी तिला विचारलं होतं, एवढं कडक का पाळतेस? माझी नात म्हणून दाखवायला? ती म्हणाली, "न्हाई. पाणी मी पाजलं." त्या दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं. तुम्ही पाणी मागितलंत. दोन घोट घेतलेत आणि विचारलंत, "माठातलं हाय का गं?" ती व्हय म्हणाली. एवढंच.

म्हणून मी काकूंना म्हटलं, "मीच बसवली. आमच्या माणाकडं रीत हाय. ज्याच्या हातचं शेवटचं पाणी, त्यानं दहा दिवस धरायचं. मग तो कुणी असंना."

अशी रीत माझ्या माहेरी नाही. कुठंच असेल असं वाटत नाही. मी ती तिथं चुलीच्या धुरात उभ्या उभ्या रचली. खोटं बोलायला सूनबाईंचं तोंड दुसऱ्यांदा उघडलं. मामंजी वर असतील तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला असेल.

चारचौघींत एखादी रीत आपल्याला ठाऊक नाही असं काकू कशा म्हणतील? म्हणाल्या, "व्हय की. ऐकलंय मी. आमच्या मावशीच्या गावाला बी धरत्यात." आणि उठल्या, सारिकाला पाटावर बसवलं आणि स्वतःच्या हातानं तिच्या डोक्यावर पाणी घातलं. शिकेकाई लावताना म्हणाल्या, "किती गुंता केलास गं, पोरी." पोर मान खाली घालून बसली. पाण्यात तिचं रडणं कुणाला दिसलं नाही. मला दिसलं.

मला वाटलं, जिंकले. सत्तरी उलटली तरी माझ्यातली ती नवरी अशी पटकन हुरळते.

संध्याकाळी सुहास तुमच्या खोलीत आला. मी तुमच्या पलंगावर बसले होते. तो दाराशीच टेकला. म्हणाला, "मामी, आईची खोली मला तशीच ठेवता येणार नाही. मधे प्लायची भिंत घालून दोन्हीकडं कॉट बसतील. जूनच्या आत करायला पाहिजे."

मी लगेच म्हटलं, "वर्षश्राद्धापर्यंत खोलीला हात लावायचा नसतो."

"ही पण माणाकडची रीत का?"

मी पलंगावरची चादर सारखी करायला लागले.

"मामी, मी चौथीत होतो तेव्हा तुम्ही मला सुट्टीत माहेरी नेलं होतं. पाच मामा होते तिथं, पाचांनी खांद्यावर घेऊन फिरवलं. मावशी एकपण नव्हती."

म्हणजे त्याला ठाऊक होतं, वन्सं. पहिल्या दिवसापासून. तुम्हाला वाटत होतं, या घरात कुणालाच कळत नाही, आणि तुमचा लेक समोर बसून जेवत होता, मामीच्या बहिणीची नात भाकरी वाढतेय, आणि काही बोलत नव्हता. मी विचारलं, मग गप्प का बसलास? म्हणाला, "आईला केवढी मजा वाटत होती त्याची. रोज नवीन काहीतरी सांगायची, तुमच्या बहिणीला संधिवात आहे, तुमच्या बहिणीनं लोणचं पाठवलंय. मी म्हटलं, चालू दे. आता आई नाही. आता मी कुणासाठी गप्प बसू?"

लोणचं कसलं होतं ते मला विचारायचं राहिलं.

त्याच्यावर मी चिडले, म्हणजे चिडायला गेले. पण त्याची लेक ईश्वरी पुण्यात शिकतेय. तिच्या खोलीमालकानं गेल्या वर्षी भाडं वाढवलं, यंदा सगळ्या मुलींना सांगितलं की नवं डिपॉझिट भरा नाहीतर खोली सोडा. तीन मुली एका खोलीत, त्यातली एक स्वयंपाकघरात झोपते. ती स्वयंपाकघरातली आपली ईश्वरी. हे त्यानं तुम्हाला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं. पुण्यातला कुणी सुहासच्या मानेवर बसलाय, सुहास सांगलीतल्या पोरींच्या मानेवर, आणि त्या पोरी आपापल्या आईबापांच्या. सारिकाचे आईबाप तेवढे सुटले. ते मेंढरांमागं चालतात, त्यांची मान कुणाला बसायला सापडत नाही. म्हणून भार सगळा पोरीच्याच मानेवर.

मागच्या महिन्यात फोनवर तुम्हाला 'सगळी सांगली घेते तो भाव' म्हणाले, ते मी त्या खोलीत बसून परत ऐकलं. वाक्य चुकीचं नव्हतं. सुहासनं तेच माझ्यापुढं ठेवलं, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुमच्याकडंही नव्हतं म्हणा. तुमच्याकडं पलंगाचा पायथा होता.

शेवटी मी म्हटलं, "माझ्यासाठी गप्प बस."

त्यानं तुमच्या माठावरचं झाकण सारखं केलं. मग म्हणाला, "परीक्षा होईपर्यंत. पण भिंत आत्ताच घालतो मामी, सुतार परत मिळत नाही. आणि जूननंतर मला सांगू नका."

तर वन्सं, सुतार आज सकाळी येऊन गेला. तुमच्या खोलीत प्लायचे तक्ते भिंतीला टेकवून ठेवलेत. मी हे त्यांच्या आडोशाला बसून लिहितेय. माझा मुक्काम परीक्षेपर्यंत इथंच. मधल्या भिंतीच्या अलीकडं एक कॉट माझी, तिचं भाडं मी ह्यांच्यामागं मिळणाऱ्या पेन्शनीतून देणार आहे. सुहास नको म्हणाला, मी ऐकलं नाही. फुकट राहिले तर जूनमध्ये भांडायला तोंड राहणार नाही. अशी मी या वयात बोर्डिंगात दाखल झाले. वरच्या पोरी मला फ्रेशर म्हणतात. त्यातल्या दोघी जूनला परत येणार नाहीत. एकीचं म्हणणं, रोज जत-सांगली जाऊन-येऊन करीन, जेवढं जमेल तेवढं. दुसरी काही सांगत नाही, तिच्या मोबाइलवर मुलाचा फोटो आलाय.

मी सारिकाला म्हटलं, कोरेगावला चल माझ्याकडं, घर मोठं आहे, मी एकटी आहे. ती म्हणाली, "आन कॉलेज?" शेवटचं वर्ष राहिलंय. कोरेगावातून सांगली रोज करायची तर पोर गाडीतच म्हातारी होईल. साताऱ्याच्या कॉलेजात बदलून घ्यावं तर शिष्यवृत्तीचं सगळं पहिल्यापासून, आणि ती हिरवी अक्षरंही जायची. मी भारी युक्ती काढली होती, ती चहा पिऊन होईस्तोवर संपली.

आज दुपारी ती जेवायला बसली तर तुमच्या ताटात. तुम्हीच दिलंत म्हणे तिला ते, जेवायला नि वर पुस्तक टेकवायला. अक्षरं झिजलीत, पण वाचता येतात. भाकरी संपल्यावर तिनं बोट फिरवलं आणि विचारलं, "आजी साताऱ्याला कवा व्हत्या?"

मी भाकरी मोडत होते. मोडतच राहिले.

मग म्हटलं, "व्हत्या की. शिकायला. बोर्डिंगात ऱ्हायच्या. लय हुशार."

"मग मास्तरीन झाल्या?"

"झाल्या असत्या. लगीन झालं."

तिनं मान हलवली, जसं हे तर होणारच असं तिला ठाऊकच होतं. ताट घासलं, पुसलं आणि पुस्तक उघडलं. साताऱ्याला जाऊन आलात वन्सं, आता कुणी काही म्हणायचं नाही. पाठवायला मला फार उशीर झाला, पण मी म्हणजे काय तुम्हाला ठाऊकच आहे.

माझं तुमच्याशी एकच भांडण उरलंय. समोर सांगते म्हणालात आणि सांगितलं नाहीत. पण सांगितलं असतंत तर मी काय म्हणाले असते? म्हणाले असते, वन्सं, कुठून कुठून पोरी गोळा करता, माझं नाव कशाला त्यात. मग ती पोर माझ्या कानाशी आली नसती, आणि दहाव्याला माझ्या तोंडातून काय आलं असतं देव जाणे. तुम्ही मला चांगलंच ओळखून होता. एवढं ओळखणारं आता कुणी उरलं नाही.

जून लांब नाही. मी रोज संध्याकाळी भाजी आणायला म्हणून बाहेर पडते आणि सांगलीतल्या बायका न्याहाळते. कुणाची एक खोली मोकळी आहे, कुणाचा लेक बाहेरगावी आहे, कुणाच्या माहेरी किती बहिणी हे कुणालाच ठाऊक नाही. अजून कुणी सापडलेली नाही. सापडली तरी तिला विचारणार नाही. विचारलं की माणूस नाही म्हणतो, हे तुम्ही माझ्यावरूनच शिकला होता.